अर्धी सुवार्ता : पश्चात्ताप आणि क्षमा यांविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात बायबलमधील लूक २४:४७ या वचनावर एक लेख प्रसिद्ध झाला होता. पुनरुत्थानानंतर प्रभू येशूने शिष्यांना जी आज्ञा दिली, तीत यरुशलेमेपासून आरंभ करून सर्व राष्ट्रांत त्याच्या नावाने पश्चात्ताप आणि पापांची क्षमा यांची घोषणा केली जावी असे म्हटले आहे. आणि हे काम मंडळीने, म्हणजे ख्रिस्ती समाजाने, संकोच न बाळगता करावे, असा त्या लेखाचा आग्रह होता. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांतील काही निवडून येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : मी भुसावळला रेल्वेत नोकरीला आहे. सहकाऱ्यांशी माझे चांगले जमते, आम्ही डबाही एकत्र खातो. प्रभूच्या प्रीतीविषयी मी मोकळेपणाने बोलतो आणि ते ऐकतात. परंतु पाप आणि पश्चात्ताप यांविषयी बोलायची वेळ आली की जीभ अडखळते. ‘तू स्वतःला कोण समजतोस?’ असे कोणी विचारील अशी भीती वाटते. तेवढा भाग वगळून केवळ प्रीती सांगितली तर चालणार नाही का? आणि लागणारे धैर्य आणावे कोठून?

उत्तर : बंधू, चालणार नाही. ज्या माणसाने कोणाचे काही वाईट केलेले नाही, त्याला ‘जा, तुला क्षमा केली’ असे म्हणणे हा एक तर विनोद आहे नाही तर अपमान. क्षमेची बातमी आनंदाची ठरते ती आपण अपराधी आहोत हे ज्याला उमगले आहे त्यालाच. म्हणून प्रभूने ही दोन्ही एकाच आज्ञेत एकत्र ठेवली, आणि त्यांतील एक काढून घेतले की दुसऱ्याचा अर्थ उरत नाही. नुसता पश्चात्ताप सांगणारा माणूस लोकांवर ओझे लादतो, आणि नुसती क्षमा सांगणारा त्यांना गोड शब्दांत झुलवत ठेवतो. आपल्या भागात पहिला प्रकार सभांच्या व्यासपीठावर पुष्कळ आढळतो, तर दुसरा तुमच्या-माझ्यासारख्या शेजाऱ्या-सोबत्यांशी गोडीने राहू इच्छिणाऱ्या माणसांत.

तुमच्या भीतीत मात्र एक तथ्य आहे. ‘तू स्वतःला कोण समजतोस?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर ज्याच्याजवळ तयार नाही त्याने तोंड न उघडलेले बरे. प्रभूचा शिष्य पेत्र याच्याकडे पाहा. येशूला अटक झाली त्या रात्री प्रमुख याजकाच्या वाड्यात शेकोटीजवळ उभा असताना एका दासीच्या साध्या प्रश्नाला तो घाबरला आणि ‘मी त्याचा नाही’ असे म्हणाला. त्याच शहरात, सुमारे ५० दिवसांनी, हाच मनुष्य हजारोंच्या समुदायासमोर उभा राहून ‘ज्या येशूला तुम्ही वधस्तंभावर खिळले’ असे शब्द उच्चारतो. या दोन प्रसंगांच्या मध्ये त्याचा स्वभाव बदलला असे नव्हे. त्याला क्षमा मिळाली होती. ऐकणाऱ्यांचा अपराध त्याने मुळीच सौम्य केला नाही, परंतु तो सांगताना त्यांच्यापेक्षा वरच्या पायरीवर तो कोठेही उभा राहिलेला दिसत नाही. पुढच्याच अध्यायात तो त्यांना ‘बंधूंनो’ म्हणतो आणि तुम्ही हे अज्ञानाने केले हे मला ठाऊक आहे, असेही सांगतो (प्रेषितांची कृत्ये ३:१७). नाकारणाऱ्याने नाकारणाऱ्यांशी केलेले ते बोलणे होते, आणि म्हणूनच ऐकणाऱ्यांनी दगड उचलले नाहीत, तर ‘बंधूंनो, आम्ही काय करावे?’ असे विचारले.

धैर्याविषयी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. यरुशलेमच्या अधिकाऱ्यांनी पेत्र आणि योहान यांना दटावून सोडल्यावर मंडळीने जी प्रार्थना केली ती प्रेषितांची कृत्ये ४:२९ मध्ये आहे. धमक्या थांबाव्यात अशी मागणी तिच्यात नाही. धमक्या असतानाच बोलता यावे एवढीच मागणी आहे. पौलासारखा मनुष्यही बेड्यांत असताना इफिसकरांना लिहितो की मला तोंड उघडून बोलता यावे म्हणून माझ्यासाठी प्रार्थना करा (इफिस. ६:१९). तेव्हा हे धैर्य म्हणजे जन्मजात धीटपणा नाही आणि आवाजाची पट्टीही नाही. ज्याच्या सभेत कर्णा सर्वांत मोठा तो सर्वांत धीट, अशी समजूत आपल्याकडे कशी रुजली कोण जाणे. कर्ण्यामागे उभे राहून अनोळखी गर्दीशी बोलण्यापेक्षा रोज डबा सोबत खाणाऱ्याशी बोलायला कितीतरी अधिक धैर्य लागते.

प्रत्यक्षात काय करावे असे विचाराल, तर सहकाऱ्याच्या पापापासून आरंभ करू नये. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोकांनी ‘आम्ही काय करावे?’ असे विचारले तेव्हा त्याने धर्मतत्त्वे सांगितली नाहीत. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा, जकातदारांनी ठरलेल्यापेक्षा अधिक घेऊ नये, शिपायांनी कोणावर जुलूम करू नये आणि आपल्या पगारात समाधानी असावे, अशी त्याची उत्तरे होती (लूक ३:१०-१४). हाच योहान आज खान्देशात आला असता, तर केळीच्या वजनात कट्टी (कपात) लावणाऱ्या व्यापाऱ्याला आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा, हिशोब करताना खाडे फुगवून दाखवणाऱ्या शेतकऱ्याला त्याने काय सांगितले असते, याची कल्पना करणे अवघड नाही. तुमच्या कामात प्रवासभत्त्याचे (टी. ए.) खोटे बिल भरण्याची चाल असेल आणि तुम्ही ते भरणे सोडले असेल, तर कोणीतरी कारण विचारील. तेव्हा ‘मी पूर्वी भरत असे, ते पाप होते, मी ते देवाजवळ कबूल केले आणि त्याने मला क्षमा केली’ एवढे सांगा. त्यात पाप आले, पश्चात्ताप आला, क्षमाही आली, आणि बोट कोणाकडेच दाखवले गेले नाही. पुढे काय विचारायचे ते विचारणारा ठरवील.

प्रश्न : आमचे कुटुंब नवापूर तालुक्यातील असून तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. मी दारू प्यालो नाही, जुगार खेळलो नाही. तरुण संघात इतर जण आपल्या पालटलेल्या आयुष्याची साक्ष देतात तेव्हा माझ्याजवळ सांगण्यासारखे काहीच नसते.

उत्तर : उधळ्या पुत्राच्या दाखल्यात दोन मुलगे आहेत. धाकटा आपला वाटा उधळून परत येतो आणि बाप त्याला आनंदाने घरात घेतो. तुमचे पत्र वाचताना मला थोरला आठवला. तो कधी घर सोडून गेला नाही, त्याने बापाची कोणतीही आज्ञा मोडली नाही, आणि दाखला संपतो तेव्हा घराबाहेर उभा असलेला तोच आहे. लूक १५:२५-३२ हा भाग स्वतःविषयी लिहिलेला आहे असे समजून एकदा सावकाश वाचा. धाकट्याविषयी तिरस्कार, बापाच्या औदार्याचा राग आणि ‘मी इतकी वर्षे राबलो’ हा हिशोब, यांतले काही आपल्या मनात सापडले तर साक्षीला विषय मिळेल. दारू सुटल्याची साक्ष आपल्या मंडळ्यांत नेहमी ऐकू येते. अहंकार सुटल्याची फारशी कोणी देत नाही, आणि तीच ऐकण्याची तुमच्या संघाला अधिक गरज असण्याचा संभव आहे.

प्रश्न : मी पारोळा येथील निवृत्त शिक्षक आहे, ख्रिस्ती नाही, एका स्नेह्याकडे आपले मासिक येते म्हणून वाचतो. अनुताप आणि ईश्वराची करुणा या गोष्टी आमच्या वारकरी संतांनी शतकानुशतके सांगितल्या आहेत. मग आपण वेगळे काय सांगता? आणि ‘धैर्याने सांगणे’ याचा अर्थ आमच्या श्रद्धेला कमी लेखणे असा होत नाही का?

उत्तर : गुरुजी, आपले पत्र आले याचा आनंद वाटतो. अनुतापाचा मक्ता ख्रिस्ती लोकांकडे आहे असे कोणी म्हणत असेल तर ते अज्ञान आहे. आपल्या हृदयाची मलिनता पाहून व्याकूळ होणारा आणि देवाच्या दारी रडणारा भक्त मराठी माणसाला परका नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत असत. ज्या पुलावरून आपण आलो तो मोडून टाकावा असे त्यांना कधी वाटले नाही. त्यांनी ख्रिस्ती कीर्तने रचली आणि अभंगच लिहिले.

फरक आहे, आणि तो लपवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. ख्रिस्ती माणूस जेव्हा क्षमा मिळाली असे म्हणतो, तेव्हा तो देवाच्या सर्वसाधारण दयाळूपणाविषयी बोलत नसतो. पंतय पिलात यहूदियाचा सुभेदार असताना यरुशलेमेबाहेर झालेल्या एका मृत्यूविषयी आणि त्यानंतरच्या पुनरुत्थानाविषयी बोलत असतो. क्षमा फुकट मिळते खरी, पण ती देणाऱ्याला फुकट पडलेली नाही, हा आमच्या संदेशाचा गाभा आहे. म्हणून तिच्यासाठी माणसाने पुण्य साठवावे लागत नाही, आणि म्हणूनच ती हलक्याने घेताही येत नाही. हा दावा आपण स्वीकारावा असे मला मनापासून वाटते, आणि तो नाकारण्याचा आपला अधिकार पूर्ण आहे हेही तितकेच मनापासून मानतो.

कमी लेखण्याविषयी म्हणाल, तर इफिस येथील दंगलीचा प्रसंग पाहण्यासारखा आहे. अर्तमी देवीच्या नगरात पौलाच्या प्रचारामुळे केवढा गदारोळ उठला. पण शेवटी नगराचा चिटणीसच लोकांना सांगतो की या माणसांनी देऊळ लुटलेले नाही आणि आपल्या देवीची निंदाही केलेली नाही (प्रेषितांची कृत्ये १९:३७). विरोधकांच्या नगरातील अधिकाऱ्याने दिलेले हे प्रमाणपत्र आहे. आमच्यापैकी काही उपदेशकांना ते मिळाले नसते, ही खंत आहे.

प्रश्न : शहादा तालुक्यातील आमच्या तरुण संघाने दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या सारंगखेड्याच्या यात्रेत ध्वनिवर्धक लावून पश्चात्तापाचा संदेश द्यावा आणि पत्रके वाटावीत असे ठरवले आहे. वडीलधारे घाबरतात. कायद्याने आम्हाला हक्क आहे ना?

उत्तर : हक्क आहे, पण तो नेमका कोणता हे आधी समजून घ्यावे. राज्यघटनेच्या कलम २५ ने प्रत्येक व्यक्तीला सदसद्‌विवेकाचे स्वातंत्र्य आणि आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा अधिकार दिला आहे; तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. रेव्हरंड स्टॅनिस्लाउस यांच्या खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की प्रसाराचा अधिकार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा अधिकार. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा अधिकार त्यात येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ प्रमाणे जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने कोणाच्या धार्मिक भावना दुखावणे हा गुन्हा आहे. ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी लागते. तुमच्या तालुक्याची हद्द मध्य प्रदेशाला लागून आहे आणि पलीकडे नवापूर-अक्कलकुव्याकडे गुजरात जवळ आहे. त्या दोन्ही राज्यांत धर्मांतराविषयी कडक कायदे आहेत, तेव्हा पत्रके घेऊन सीमा ओलांडताना ‘आपलेच नातेवाईक तर आहेत’ अशी समजूत करून घेऊ नका. आपल्या राज्यात आज लागू असलेल्या तरतुदीही जाणत्या वकिलाकडून समजून घ्याव्यात. पैसा, नोकरी, शाळेतील प्रवेश, औषधोपचार यांचे आमिष किंवा कसलीही धमकी यांना कायद्यात स्थान नाही, आणि त्याआधी सुवार्तेतही नाही. विकत घेतलेला पश्चात्ताप हा पश्चात्तापच नव्हे.

हे झाले कायद्याचे. माझे मत विचाराल तर सारंगखेड्याला ध्वनिवर्धक लावू नका. लोक तेथे एकमुखी दत्ताच्या दर्शनाला आणि घोड्यांच्या बाजाराला येतात. दुसऱ्याच्या यात्रेत, तापीकाठी आलेल्या भाविकांच्या कानांवर त्यांनी न मागितलेले भाषण आदळणे याला मी धैर्य म्हणणार नाही. आपल्या नाताळच्या उपासनेत दाराशी कोणी कर्णा लावला तर आपल्याला कसे वाटेल? पौल अथेनैमध्ये बाजारात रोज भेटणाऱ्यांशी बोलत असे आणि अरियपगावर, तेथील सभेपुढे, गेला तो त्याला नेले म्हणून. यात्रेला जरूर जा, घोडे पाहा, ओळखी करा, पाणपोई चालवा. कोणी विचारले तर न लाजता सांगा. पेत्रानेही जो कोणी तुमच्या आशेचे कारण विचारतो त्याला उत्तर देण्यास सिद्ध असा असे सांगून लगेच सौम्यता आणि आदर यांची अट घातली आहे (१ पेत्र ३:१५).

प्रश्न : मी साक्री तालुक्यातील विधवा आहे. मला दोन मुली आहेत. माझे यजमान वारल्यावर दिरांनी वारसनोंदीत आमची नावे लागू दिली नाहीत आणि शेती स्वतःच्या नावावर करून घेतली. आता ते मंडळीत उभे राहून ‘प्रभूने माझ्या सर्व पापांची क्षमा केली’ अशी साक्ष देतात, आणि सर्व जण ‘आमेन’ म्हणतात. आमचे पाळकसाहेब तर मी क्षमा करत नाही म्हणून मलाच कठीण मनाची म्हणतात. मी काय करावे?

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. या महिन्यात आलेल्या पत्रांत पश्चात्तापाच्या संदेशाची सर्वांत अधिक गरज दाखवणारे पत्र हेच आहे, आणि तो संदेश तुम्हाला द्यायचा नसून तुमच्या दिरांना आणि तुमच्या मंडळीला द्यायचा आहे.

जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराच्या घरी प्रभू गेला तो जक्कयाने काही परत करण्यापूर्वी गेला. त्यामुळे परतफेड करून क्षमा विकत घेता येते असे कोणी म्हणू नये. पण प्रभू घरात आल्यावर जक्कय उभा राहून अर्धे धन गरिबांना देण्याचे आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करण्याचे वचन देतो, आणि त्यानंतर ‘आज या घराला तारण प्राप्त झाले आहे’ हे वाक्य येते (लूक १९:८-९). मोशेच्या नियमशास्त्रातही अपराध कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम पूर्ण भरून वर पाचवा हिस्सा द्यावा असे आहे (गणना ५:७). फसवून घेतलेले शेत कसत राहून त्याच शेताच्या उत्पन्नातून दशमांश देणारा मनुष्य ज्याविषयी साक्ष देतो त्याला शास्त्रलेखात पश्चात्ताप म्हटलेले नाही.

आता तुमच्याविषयी. क्षमा करणे म्हणजे सूडाचा विचार सोडून देणे, त्यांचे वाईट व्हावे अशी इच्छा न करणे आणि न्याय देवाच्या हाती सोपवणे. हे तुम्हालाही करावे लागेल, आणि ते एका रविवारी होणार नाही. त्यासाठी वेळ घ्या आणि कोणी घाई केली तर ऐकू नका. परंतु क्षमा करणे म्हणजे चुकीचा सातबारा बरोबर आहे असे मान्य करणे नव्हे. तुमच्या मुलींचा वाटा दान करून टाकण्याचा अधिकार तुम्हाला नाही, कारण तो तुमचा नाही, त्यांचा आहे. भारतीय ख्रिस्ती व्यक्ती मृत्युपत्र न करता वारली आणि तिच्या मागे विधवा व मुले असली, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार विधवेला एकतृतीयांश आणि उरलेले दोनतृतीयांश मुलांना मिळते, मुलगा-मुलगी असा भेद न करता. तुमच्या कुटुंबाला हाच कायदा लागू आहे का, आणि ती जमीन यजमानांच्या एकट्याच्या मालकीची होती की सामाईक, हे वकिलाला विचारून घ्या. धुळ्याच्या न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना मोफत साहाय्य मिळते. त्या वेळच्या फेरफाराची नक्कल तलाठी कार्यालयातून काढून ठेवा.

‘भावाने भावाविरुद्ध न्यायालयात जाऊ नये’ हे पौलाचे वचन तुम्हाला ऐकवले जाईल. त्याच अध्यायात पौल विचारतो की तुमच्यामध्ये निवाडा करू शकेल असा एकही शहाणा नाही काय? (१ करिंथ. ६:५). म्हणून आधी मत्तय १८:१५-१७ प्रमाणे जावे : एकटीने, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीपुढे. मंडळीच्या पंचांनी हा निवाडा केला तर उत्तम. ते टाळाटाळ करत असतील, तर तुम्ही महसूल अधिकाऱ्यांकडे अर्ज केल्यास दोष तुमच्याकडे येत नाही.

तुमच्या पाळकांना हे पान दाखवायला माझी हरकत नाही. उपदेशकाला सर्वांत कठीण जाते ते बाहेरच्या जगाला पापाविषयी सांगणे नव्हे. पुढच्या बाकावर बसणाऱ्या आणि देवळाच्या छताला पत्रे देणाऱ्या माणसाला सांगणे कठीण जाते. नाथान संदेष्टा दाविद राजाला त्याचे पाप सांगायला त्याच्या राजवाड्यात गेला. पौलाने फेलिक्स सुभेदारापुढे नीतिमत्त्व, इंद्रियदमन आणि पुढे होणारा न्याय यांविषयी भाषण केले, आणि ते अशा वेळी की फेलिक्स त्याच्याकडून पैशांची आशा करत होता व सुटका त्याच्याच हाती होती (प्रेषितांची कृत्ये २४:२५-२६). दिरांचा हिशोब पुरा होईपर्यंत त्यांना साक्षीसाठी उभे करू नये, एवढे तरी तुमच्या पाळकांनी करावे.

प्रश्न : आमच्या प्रार्थनासभेत एक जण आपल्या सिकलसेलग्रस्त मुलाला घेऊन येतो. आमचे पुढारी त्याला म्हणतात की घरात कोणते तरी लपलेले पाप आहे, पश्चात्ताप केल्यास मूल बरे होईल. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी हाच प्रश्न विचारला तेव्हा प्रभूने, याने किंवा याच्या आईबापांनी पाप केले म्हणून हे झाले नाही, असे स्वच्छ उत्तर दिले (योहान ९:३). सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक असते. नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी भागात तो पुष्कळ आढळतो. त्या बापाला पश्चात्तापाची गरज असेल तर ती तुमच्या-माझ्याइतकीच आहे, त्याच्या मुलाच्या रक्तामुळे वाढलेली नाही. मुलाचे औषध चालू राहील आणि तपासणीच्या तारखा चुकणार नाहीत हे पाहा, आणि प्रार्थना जरूर करा. याच नंदुरबार जिल्ह्यात, चिंचपाड्याला, मिशनने दवाखाना चालवला तो प्रार्थनेवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे.

प्रश्न : आमचे गाव धडगाव तालुक्यात डोंगरात आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी गावात मुले आजारी पडून दगावली तेव्हा भगताने एका बाईला डाकीण ठरवले. लोकांनी तिला मारले आणि गावातून हाकलले. ती अजून जिवंत आहे, भावाच्या गावी राहते. त्या वेळी हात उचलणाऱ्यांपैकी काही जण आज आमच्या मंडळीत आहेत, त्यांचा बाप्तिस्मा झाला आहे. मी त्यांच्यात सेवा करतो. हा विषय काढला की ते म्हणतात, ‘जुने ते होऊन गेले, आम्ही ख्रिस्तात नवे झालो.’ हे आता उकरून काढणे योग्य होईल का?

उत्तर : बंधू, उकरून काढायला ते कधी पुरले गेले होते? ती बाई भावाच्या गावी राहते आहे. तिच्यासाठी ते रोज उघडेच आहे. विसरले आहे ते केवळ तुमच्या मंडळीने.

जो कोणी ख्रिस्तामध्ये आहे तो नवी उत्पत्ती आहे, हे २ करिंथ. ५:१७ मधील वचन खरे आहे. पण त्याच पौलाने अनेसिमाला काय करायला लावले ते पाहा. अनेसिम हा फिलेमोनाचा दास, त्याच्यापासून दूर गेलेला. पौलाच्या सहवासात तो विश्वासात आला. पौलाने ‘तू आता नवा झालास, मागे वळून पाहू नकोस’ असे म्हटले नाही. त्याला फिलेमोनाकडेच परत पाठवले, आणि सोबतच्या पत्रात, त्याने तुझे काही नुकसान केले असेल किंवा तो देणे लागत असेल तर ते माझ्या हिशोबी मांड, असे लिहिले. नवा मनुष्य जुने देणे घेऊनच नवा होतो. फरक एवढाच की आता ते फेडायला तो भीत नाही, कारण देवापुढचा त्याचा निकाल लागलेला असतो. तुमच्या मंडळीतील त्या माणसांना हे सांगताना क्षमेची बाजू आधी सांगा आणि ठामपणे सांगा : ख्रिस्ताचे रक्त या पापालाही पुरेसे आहे. ज्याला आपली क्षमा निश्चित वाटत नाही तो मनुष्य अशा अपराधाकडे डोळे उघडून पाहूच शकत नाही, नाकारत राहतो. तुम्हाला दिसणारा त्यांचा निबरपणा कदाचित भीती असेल.

त्यानंतर फळाविषयी बोलावे लागेल. त्या बाईवर आरोप झाला तो गावासमोर झाला, तेव्हा ‘ती निर्दोष होती, आम्ही खोटे बोललो आणि तिच्यावर हात टाकला’ हे कबूल करणेही गावासमोरच व्हायला हवे, प्रार्थनागृहाचे दार लावून नव्हे. तिचे घर, भांडीकुंडी, गुरे, शेताचा तुकडा, जे काही गेले त्याची भरपाई करावी. हे लोक मोलमजुरी करणारे असतील, एकदम देऊ शकणार नाहीत. मंडळीने त्यांच्यासोबत भार उचलावा, पौलाने उचलला तसा.

कायद्याची बाजू लपवू नका. नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांच्या प्रतिबंधासाठी महाराष्ट्राने २०१३ साली केलेल्या कायद्याखाली अशा कृत्यांना ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत कारावासाची आणि दंडाची शिक्षा आहे. घटना त्यापूर्वीची असेल तरी मारहाण तेव्हाही गुन्हाच होती. तक्रार करायची की नाही हा निर्णय त्या बाईचा आहे. तिने तो घेतला तर ‘आम्ही ख्रिस्तात क्षमा पावलो आहोत’ हे पोलिसांपुढे ढाल म्हणून वापरता येणार नाही. वधस्तंभावरील पश्चात्तापी चोराने प्रभूला ‘माझी आठवण कर’ असे विनवले, पण आपल्याला मिळालेली शिक्षा योग्यच आहे असेही तो म्हणाला (लूक २३:४१).

आणि एक गोष्ट तुमच्या सेवेविषयी, जी मला स्पष्टच बोलली पाहिजे. सातपुड्यात आणि सपाटीवरही काही प्रार्थनासभांत आजारपणाचे कारण म्हणून अमक्या शेजारणीने काही केले, तमकीची दृष्ट लागली, असे ‘प्रकटीकरण’ सांगितले जाते. हे सांगणाऱ्याच्या हातात पवित्र शास्त्र असले तरी काम तो भगताचेच करत असतो. तुमच्या सभेत असे कोणी बोलू लागला तर त्याला तेथेच, सर्वांसमोर थांबवा. गावाला तुमच्या पश्चात्तापाच्या उपदेशावर विश्वास ठेवायला याहून मोठे कारण मिळणार नाही.

त्या बाईकडे जाल तेव्हा आधी निरोप पाठवा. ज्यांनी मारले त्यांचा घोळका एकाएकी दारात उभा राहिला तर ती घाबरेल. एखाद्या वयस्क स्त्रीला सोबत न्यावे, आणि बोलणे तिच्या स्वतःच्या बोलीत व्हावे, सभेतल्या मराठीत नव्हे. मत्तय ६ किंवा १८ मधली क्षमेविषयीची वचने तिला ऐकवू नयेत. ती वचने मारणाऱ्यांनी मार खाल्लेल्यापुढे वाचण्यासाठी लिहिलेली नाहीत. तिने क्षमा केली तर देवाचे आभार माना. तिने दार लावून घेतले तर परत या, आणि जी भरपाई ठरली आहे ती तिच्या भावाच्या हाती, तिच्या संमतीने, ठरल्या वेळी पोहोचवत राहा.